लीड्सहून : निदानाच्या रांगेत

लीड्स, नोव्हेंबर

इंग्लंडमध्ये आजारी माणसाचा दिवस सकाळी आठला सुरू होतो. आठच्या ठोक्याला वस्तीवस्तीतल्या सरकारी दवाखान्यांचे फोन उघडतात आणि त्याच मिनिटाला सगळे एकदम फोन लावतात. रेकॉर्ड केलेला आवाज रांगेतला नंबर सांगतो. मग रिसेप्शनवरची बाई विचारते, काय होतंय, कधीपासून, ताप आहे का. आज भेट मिळणार, तीन आठवड्यांनी मिळणार की आधी औषधाच्या दुकानात जाऊन फार्मासिस्टला विचारायचं, याचा पहिला निवाडा तिच्या टेबलावर होतो. ऑक्टोबर २०२५ पासून सरकारने दवाखान्यांना ऑनलाइन अर्जाची खिडकीही कामाच्या वेळात उघडी ठेवायला लावली आहे, पण आठच्या फोनची सवय लोकांच्या अंगवळणी पडली आहे.

या दवाखान्यातल्या डॉक्टरला इथे जीपी म्हणतात. प्रत्येक माणसाचं नाव कुठल्या तरी जीपीकडे नोंदवलेलं असतं, आणि मोठ्या डॉक्टरकडे जाण्याची वाट त्याच्याच दारातून जाते. 'चला, उद्या अमरावतीला स्पेशालिस्टला दाखवून येऊ' असं वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्यात कुणीही म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसतं. इथे ते चालत नाही. जीपीने चिठ्ठी दिल्याशिवाय सरकारी रुग्णालयातला संधिवाततज्ज्ञ तुम्हाला पाहत नाही. खासगीत जाता येतं, पण एका भेटीला दोनशे-तीनशे पौंड मोजावे लागतात आणि तपासण्यांचे वेगळे.

आता या वाटेवर त्याच कारंजा तालुक्यातल्या धनजची एक मुलगी उभी करू. नर्स असेल, संगणकावर काम करत असेल, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेली असेल. मुलगी कल्पित आहे आणि तिची आईही. त्या दोघी ज्या वाटांनी जातात त्या मात्र खऱ्या आहेत.

तिचा आजार थंडीने दाखवला. लीड्समध्ये नोव्हेंबरात चारला दिवस मावळतो, आणि बसस्टॉपवर उभं असताना तिची दोन बोटं अचानक पांढरीफटक पडली. रक्त कुणी पिळून काढल्यासारखा मधल्या पेरापर्यंत रंग गेला, पुढे काळपट निळा झाला. घरात आल्यावर तीच बोटं लालबुंद होऊन झिणझिण्या सुरू. मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये हे लक्षण लिहून ठेवलं, म्हणून त्याला रेनोचं नाव आहे. बहुतेकांत त्याच्या मागे काही नसतं, थंडीला नसा जरा जास्त आकसतात इतकंच. काहींत मात्र ती ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासारख्या आजाराची पहिली खूण असते. धनजला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि गारठा फार तर हिवाळ्यातल्या पहाटेपुरता. ही खूण तिथे वर्षानुवर्षं दबून राहू शकते.

उलटही घडतं. ल्युपसचं पुरळ उन्हाने उठतं, गालांवर आणि नाकाच्या दांडीवर. सोयाबीनच्या निंदणाला दिवसभर वाकलेल्या बाईच्या गालावर असा पट्टा आला, तर घरचे म्हणणार ऊन लागलं, शेजारीण म्हणणार वांग आहे. वांग दुखत नाही आणि त्याने तापही येत नाही, एवढी चौकशी सहसा कुणी करत नाही.

या सगळ्या आजारांचं मूळ एकच. शरीराची संरक्षणव्यवस्था जंतूंशी लढायचं सोडून स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर, थायरॉईडवर उलटते. कुंपणानेच शेत खाण्याचा प्रकार. त्यांना ऑटोइम्युन म्हणतात आणि ते वाटतात तितके विरळ नाहीत. ब्रिटनमधल्या सुमारे दोन कोटी वीस लाख लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी चाळून केलेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. अशा १९ आजारांपैकी एखादा तरी आजार दहातल्या एका माणसाला असल्याचं त्यात दिसलं. बायकांत प्रमाण १३ टक्के, पुरुषांत ७.

जीपीकडे भेट मिळते दहा मिनिटांची. मुलीला बोटं पांढरी पडण्याबद्दल विचारायचं होतं, पण डॉक्टरने आधी विचारलं की सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात का, आणि मोकळे व्हायला किती वेळ लागतो. ती म्हणाली, अर्धा-पाऊण तास. कुकरचं झाकण फिरवता येत नाही, कुर्त्याची बटणं नवरा लावून देतो. ते थकव्याने होत असेल असं ती समजत होती. मग डॉक्टरने तिचा हात शेकहँडसारखा हातात घेतला आणि बोटं जिथे तळव्याला जोडतात त्या चार उंचवट्यांवर आडवा दाब दिला. हलकाच. ती कळवळली. तसाच दाब पायाच्या चवड्यांवर.

या परीक्षेला यंत्र लागत नाही, रक्त लागत नाही आणि पैसाही लागत नाही. हा दाब, तीन किंवा अधिक सांध्यांना सूज आणि सकाळचा अर्धा तासाहून जास्त आखडलेपणा, या तिन्हींपैकी काहीही दिसलं तर रुग्णाला ताबडतोब तज्ज्ञाकडे पाठवा, अशी शिफारस २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती लिहिणाऱ्यांत पुढे होते याच लीड्सचे प्राध्यापक पॉल एमरी. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, पहिल्या काही महिन्यांत पकडला तर सांधे वाचतात, नंतर हाडं झिजायला लागली की जे गेलं ते परत येत नाही, हे त्यांचं आणि त्यांच्या पिढीच्या डॉक्टरांचं सांगणं आता जगभर मान्य आहे. परीक्षा इतकी साधी असूनही ती हात हातात घेऊन करावी लागते. टेबलापलीकडून रिपोर्ट वाचून ती होत नाही.

मग रक्त. भारतातून आलेल्या माणसाला पहिला धक्का इथे बसतो. जीपी मोजक्याच तपासण्या लिहितो. सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, रुमॅटॉइड फॅक्टर, अँटी-सीसीपी, थायरॉईड, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाचं काम, लघवी, आणि या मुलीच्या बोटांमुळे एएनए. कारंज्यात किंवा अमरावतीत हौसेने केलं जातं तसं 'फुल बॉडी'चं पॅकेज नाही. आपले लोक यावर चिडतात. 'आमच्याकडे पैसे टाकले की संध्याकाळी रिपोर्ट हातात' ही तक्रार लीड्सच्या मराठी घरात हमखास ऐकू येते.

पण या हात आखडता घेण्यामागे विचार आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. एएनए ही स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते. १९९७ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून धडधाकट माणसांचं रक्त तपासलं. रक्त ४० पट पातळ करून पाहिलं तर जवळजवळ ३२ टक्के लोक पॉझिटिव्ह, ८० पट केलं तर १३ टक्के, १६० पट केलं तरी ५ टक्के. म्हणजे लक्षणं नसलेल्या शंभर जणांची ही तपासणी केली तर त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात एक भीतिदायक कागद पडेल आणि आजार कुणालाच नसेल. रुमॅटॉइड फॅक्टरचंही तेच. क्षयरोगात, कुष्ठरोगात, यकृताच्या काही संसर्गांत, नुसत्या म्हातारपणातही तो वाढतो. आणि ज्यांना खरोखर आमवात आहे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत तो निगेटिव्ह असतो. गावाकडे 'आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणजे संधिवात नाही' असं सांगून घरी पाठवलेल्या बायका किती असतील.

भारतातून आलेल्या रुग्णाला इथला चांगला डॉक्टर आणखी तीन गोष्टी विचारतो. पहिली, घरात किंवा स्वतःला कधी टीबी झाला होता का. टीबी सांध्यातही होतो, आणि पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यायची वेळ आली तर झोपलेला टीबी जागा होतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि रक्ताची एक खास तपासणी झाल्याशिवाय अशी महागडी इंजेक्शनं सुरू करत नाहीत. दुसरी, शेवटचं भारतात कधी जाऊन आलात आणि तिथे ताप आला होता का. चिकुनगुन्याने सुजलेले सांधे महिनोन्‌महिने दुखतात आणि वरवर पाहता रुमॅटॉइडसारखेच दिसतात. २००६ ची साथ विदर्भात ज्यांनी अनुभवली त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिसरी गोष्ट ड जीवनसत्त्वाची. ग्लासगोत १९६०च्या दशकात डॉक्टरांना भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांत मुडदूस आणि मऊ झालेली हाडं दिसू लागली, तेव्हापासून हा प्रश्न इथल्या वैद्यकाला ठाऊक आहे. सावळी कातडी, अंगभर कपडे आणि सहा महिने सूर्य नाही, यातून अंग ठणकतं, जिना चढताना मांड्या भरून येतात, आणि माणूस स्वतःला भयंकर आजार झाला असं समजतो. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २०१६ पासून सगळ्यांनाच हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगितलं आहे.

यानंतर आला घराण्याचा इतिहास, आणि तिथे मुलगी अडली. घरात कुणाला थायरॉईड? सोरायसिस? अंगावर पांढरे डाग? आणि एक प्रश्न असा की तो धनजच्या घरात कुणी कधी मोठ्याने विचारलेला नाही: कुणाचे वारंवार गर्भ पडले होते का?

रात्री तिने आईला फोन लावला. पांढरे डाग काकाला होते, हे तिला माहीत होतं. मावशीचे तीन गर्भ पडले होते, हे तिला तिशीत पहिल्यांदा कळलं. आई म्हणाली, "तवा कोन सांगत होतं? तिच्या सासूनं तिले वांझोटी ठरवलं, अन्‌ माहेरी धाडून देल्लं."

इथे लंडनचं एक नाव सांगायला हवं. ग्रॅहॅम ह्यूज या डॉक्टरांनी १९८३ मध्ये हॅमरस्मिथ रुग्णालयात काम करताना एका ऑटोइम्युन आजाराचं सविस्तर वर्णन केलं. त्यात रक्तात विशिष्ट प्रतिपिंडं तयार होतात, रक्त नको तिथे गोठतं आणि वारेत गुठळ्या झाल्याने गर्भ पडतात. त्याच शहरात सेंट मेरीज रुग्णालयात अशा ९० बायकांवर झालेला अभ्यास १९९७ मध्ये छापून आला. नुसती अॅस्पिरिन दिलेल्यांपैकी ४२ टक्क्यांची बाळं जगली, अॅस्पिरिनबरोबर रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलेल्यांपैकी ७१ टक्क्यांची. हेपॅरिनची टोचणी भारतातही मिळते. मावशीला हाच आजार होता की नाही, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत एका रक्ततपासणीचा प्रश्न बाईच्या नशिबाचा आणि चारित्र्याचा करून टाकला गेला, याचा राग यायलाच हवा.

जीपीने चिठ्ठी पाठवली. आता नियम काय सांगतो ते पाहा. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने घालून दिलेल्या नियमांनुसार हातापायाचे लहान सांधे सुजलेले असतील, एकाहून जास्त सांधे असतील किंवा त्रास सुरू होऊन तीन महिने उलटले असतील, तर जीपीने तीन कामकाजाच्या दिवसांत चिठ्ठी पाठवायची. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असले तरीही पाठवायची, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आणि चिठ्ठी मिळाल्यापासून तीन आठवड्यांत तज्ज्ञाने रुग्णाला पाहायचं.

कागदावर इतकी चांगली व्यवस्था जगात थोडी असेल. प्रत्यक्षात, या नियमांचं पालन होतं का हे तपासणारं लेखापरीक्षण २०१८ मध्ये सुरू झालं आणि पहिल्याच अहवालात दिसलं की तीन आठवड्यांची मुदत निम्म्याहूनही कमी रुग्णांच्या बाबतीत पाळली जाते. एकूण सरकारी रुग्णालयांच्या प्रतीक्षायादीत सत्तर लाखांच्या वर नोंदी आहेत, आणि ९२ टक्के रुग्णांवर अठरा आठवड्यांत उपचार सुरू करण्याचं राष्ट्रीय उद्दिष्ट २०१६ पासून एकदाही गाठलेलं नाही. १९४८ च्या ५ जुलैला सुरू झालेल्या या आरोग्यसेवेवर इथल्या लोकांचं मनापासून प्रेम आहे, आणि रांगेबद्दलचा संतापही तितकाच खरा आहे.

सांधे सुजले तर किमान ते बोटांवर दिसतं तरी. ल्युपससारखा आजार एकदा त्वचेत, एकदा रक्तात, एकदा फुप्फुसाच्या आवरणात डोकावतो आणि प्रत्येक वेळी वेगळा डॉक्टर वेगळं नाव देतो. ब्रिटनच्या ल्युपस रुग्णसंघटनेने २०१४ मध्ये आपल्या सभासदांना विचारलं, तेव्हा पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी ६.४ वर्षं गेली होती, आणि जवळजवळ निम्म्यांना आधी दुसऱ्याच आजाराचं नाव मिळालं होतं. केंब्रिजच्या मेलनी स्लोन या संशोधक अशा रुग्णांच्या मुलाखती बरीच वर्षं घेत आहेत. 'तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत' हे ऐकून आलेल्या, आणि पुढे खरा आजार सापडल्यावरही तो घाव न विसरलेल्या बायका त्यांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा भेटतात. मोफत आरोग्यसेवा आणि शिकलेले डॉक्टर असलेल्या देशात ही स्थिती आहे.

सावळ्या रुग्णांची अडचण आणखी वेगळी. वैद्यकाच्या पुस्तकांत पुरळ 'लाल' असतं, कारण चित्रं गोऱ्या कातडीची असतात. गव्हाळ किंवा काळ्या कातडीवर तेच पुरळ जांभळट, तपकिरी, कधी नुसतं गडद दिसतं. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात शिकणाऱ्या मलोन मुक्वेंडे या झिंबाब्वेत जन्मलेल्या विद्यार्थ्याला हे खटकलं, आणि २०२० मध्ये त्याने आपल्या दोन शिक्षकांबरोबर 'माइंड द गॅप' ही सचित्र पुस्तिका काढली. त्यात गडद त्वचेवरची लक्षणं दाखवली आहेत. ती कुणालाही फुकट पाहता येते. बर्मिंगहॅममधल्या १९९०च्या दशकातल्या पाहणीत ल्युपस गोऱ्या बायकांपेक्षा दक्षिण आशियाई बायकांत जास्त आढळला होता, आफ्रो-कॅरिबियन बायकांत त्याहून जास्त. ज्यांना आजार जास्त होतो त्यांचीच चित्रं पुस्तकात नव्हती.

पैशाचं थोडक्यात. व्हिसावर आलेल्या बहुतेक प्रौढ माणसांकडून आरोग्यसेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंड व्हिसाच्या अर्जाबरोबरच घेतले जातात. त्यानंतर जीपी, तज्ज्ञ, रक्त, एमआरआय, कशालाही पैसा पडत नाही, आणि इंग्रजी जमत नसेल तर दुभाषाही रुग्णालय देतं. औषधाला मात्र इंग्लंडमध्ये दर चिठ्ठीवरच्या दर औषधामागे ९.९० पौंड. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये तेही नाहीत. यात एक जुना अन्याय आहे. कुठल्या आजारांना औषधं माफ, ही यादी १९६८ मध्ये ठरली आणि नंतर तिच्यात जवळपास फक्त कर्करोगाची भर पडली. थायरॉईड मंदावलेल्या रुग्णाला सगळी औषधं माफ आहेत, आमवाताच्या आणि ल्युपसच्या रुग्णाला नाहीत.

आता आई. मुलीने बोटांचं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मायेबी बोटं तशीच दुखते. मले वात हाये. डाक्टर सुई मारते, मंग चार दिस चालते." मुलीने व्हिडिओवर हात दाखवायला सांगितला. कपाशीच्या वेचणीचे दिवस. बोंडातून कापूस ओढताना बोटांची टोकं फाटलेली, पण ते नेहमीचंच. नवीन होती ती तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या मुळाशी आलेली सूज, दोन्ही हातांना सारखी. मूठ वळत नव्हती.

आईच्या या सुईमागे नोबेल पारितोषिक आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरने सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिसोन या स्टिरॉईडचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांत ती चालू लागली आणि आठवड्याभरात बाजारात जाऊन आली. १९५० मध्ये हेंचला आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. पुढे चेहरा सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं असं एकेक बाहेर आलं, आणि औषध थांबवलं की आजार परततो हेही कळलं. पण ते पहिल्या आठवड्याचं सुख इतकं मोठं आहे की गावोगावी स्टिरॉईडची सुई किंवा गोळी अजूनही वाताचा इलाज म्हणून चालते. सूज ओसरते, तज्ज्ञाला पाहायला काही उरत नाही, आणि आतल्या आत सांधा झिजत राहतो. इथल्या जीपीला म्हणूनच सांगून ठेवलेलं असतं की तज्ज्ञाने पाहण्याआधी स्टिरॉईड देऊ नका. रुग्ण वेदनेने रडतो तेव्हा हे पाळणं डॉक्टरलाही सोपं जात नाही.

महाराष्ट्रातल्या एका गावाने या बाबतीत देशाला मोजमाप दिलं आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने पाहणी केली. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन चार हजारांहून जास्त प्रौढांना विचारलं की कुठे दुखतं. सुमारे १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं. त्यांतलं बहुतेक कष्टाचं आणि वयाचं, पण रुमॅटॉइड आर्थ्रायटिस दोनशे जणांत एकाला होता. हा हिशेब धरला तर दोन हजार प्रौढांच्या कुठल्याही गावात असे दहा जण असतात. त्यांतले किती कधी संधिवाततज्ज्ञापर्यंत पोचतात?

'दंगल'मध्ये छोट्या बबिताचं काम करणारी सुहानी भटनागर १६ फेब्रुवारी २०२४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये वारली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिला डर्मॅटोमायोसायटिस हा याच कुळातला आजार होता. हाताला सूज येऊन दोन महिने झाले होते, डॉक्टर बदलून झाले होते, आणि आजाराचं नाव एम्समध्ये गेल्यावर कळलं, असं तिच्या आईवडिलांनी वार्ताहरांना सांगितलं. ती राहत होती ते फरिदाबाद राजधानीला लागून आहे. धनज नागपूरपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास.

हे अंतर मात्र बदलतं आहे. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी नागपुरात दोन उद्घाटनं झाली. एक समृद्धी महामार्गाच्या नागपूर-शिर्डी टप्प्याचं आणि दुसरं मिहानमधल्या एम्सचं. समृद्धी कारंजा तालुक्यातूनच जातो. २०२४ पासून वाशीमला स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. तज्ज्ञ सगळे लगेच येणार नाहीत, पण सुईवाल्या डॉक्टरपलीकडे काहीच नाही, असं आता म्हणता येत नाही.

दोन देशांतला खरा फरक तपासण्यांचा नाही. रक्त कारंज्यातही काढतात आणि दोन दिवसांत मुंबईहून रिपोर्ट येतो. फरक आहे तो रुग्णाची हकिगत एका हातात राहण्याचा. लीड्समध्ये मुलगी तज्ज्ञाकडे गेली तेव्हा जीपीच्या सगळ्या नोंदी तिच्याआधी तिथे पोचल्या होत्या. तज्ज्ञाने पाऊण तास पाहिलं, नखांच्या मुळाशी भिंग धरून बारीक रक्तवाहिन्या पाहिल्या, आणि भेटीनंतर जीपीला लिहिलेल्या पत्राची प्रत तिलाही आली. धनजमध्ये आईची हकिगत एका कॅरीबॅगमध्ये आहे. तीन डॉक्टरांच्या तारखा नसलेल्या चिठ्ठ्या, एक एक्स-रे, आणि रिकामी गोळ्यांची पाकिटं. प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो, आणि सुई कुठल्या औषधाची होती हे कुठेच लिहिलेलं नसतं. २०२१ मध्ये भारत सरकारने आरोग्य नोंदींसाठी 'आभा' क्रमांकाची योजना सुरू केली. या आजारांच्या रुग्णांना तिचा जेवढा उपयोग आहे तेवढा क्वचितच कुणाला असेल, पण गावातला डॉक्टर चिठ्ठीवर औषधाचं नावच लिहीत नसेल तर त्या क्रमांकात काय साठणार?

म्हणून मुलीने आईला पहिलं काम कागदाचं दिलं. शाळेच्या जुन्या वहीत भावाच्या मुलाने लिहून ठेवायचं: कुठल्या महिन्यात कुठलं बोट सुजलं, सकाळी किती वेळ आखडतं, चिकुनगुन्या कधी झाला होता, सुई कोणत्या तारखेला घेतली. सुजलेल्या हाताचे फोटो, सुई न घेतलेल्या दिवसांचे. आणि सुईच्या बाटलीवरचं नाव वाचून घ्यायचं. डॉक्टर रागावला तरी. ही वही आणि ती कॅरीबॅग घेऊन नागपूरच्या ओपीडीत जायचं, आणि गेल्यावर आधी हात पुढे करायचा, रिपोर्ट नंतर.

मुलीला मात्र आजाराचं नाव मिळालेलं नाही. एएनए पॉझिटिव्ह, रेनो आहे, सांधे थोडे सुजलेले, पण ल्युपस म्हणावा इतकं काही नाही. अशा अवस्थेलाही इथे नोंद आहे, 'अजून वेगळी न ठरलेली' संयोजी ऊतींची व्याधी. काही जणी वर्षानुवर्षं त्याच टप्प्यावर राहतात, काहींची लक्षणं पुसट होतात, काहींचा पुढच्या काही वर्षांत ठरलेला आजार होतो. तिला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू झालं, त्यासाठी डोळ्यांची तपासणी वेळोवेळी होईल. संधिवात विभागातल्या नर्सचा थेट फोन नंबर मिळाला, म्हणजे पुन्हा आठच्या रांगेत उभं राहायला नको. आणि दर काही महिन्यांनी जीपीकडे रक्तदाब आणि लघवीची पट्टी. ल्युपस मूत्रपिंडात शिरला तर बरेचदा दुखत काहीच नाही, लघवीत फक्त प्रथिनं उतरू लागतात. पट्टी बुडवून मिनिटभरात कळतं. तीच पट्टी कारंज्याच्या कुठल्याही लॅबमध्ये थोड्या रुपयांत होते, आणि गालावर पट्टा उठून ताप येणाऱ्या प्रत्येक बाईची ती व्हायला हवी, असं मुलीने आईला सांगितलं. आईने शेजारच्या सुनेचं नाव घेतलं. तिला दोन महिने झाले, म्हणाली, वांग म्हणून मलम लावते आहे.